रात्रीच्या पाखरांतले चोर आणि साव

डाळिंबाला रंग चढला की राहाता-संगमनेरच्या बागांत रात्री एक आगंतुक येतो. पुढचे पंख वाळल्या पानासारखे, मागचे नारिंगी, त्यांवर काळे डाग. फुलपाखराची सोंड मऊ असते. या रस शोषणाऱ्या पतंगाची मात्र कडक आणि टोकदार. पिकत्या फळाची साल तो सहज भेदतो. छिद्र बारीकच, पण त्यातून बुरशी शिरते आणि फळ सडून गळतं. संत्री-मोसंबीवाल्यांनाही त्याचा हाच जाच.

एरवी पिकाची वैरीण असते अळी. बोंडअळी, 2018 साली भारतात शिरलेली मक्यावरची लष्करी अळी, उसातला खोडकिडा: खातात त्या अळ्याच. इथे सगळं उलटं. याची अळी फळाला तोंड लावत नाही, बांधावरच्या गुळवेल-वासनवेलीवर वाढते. म्हणून बागेभोवतीच्या या वेली काढायचा सल्ला दिला जातो. बागेपुरता तो रास्त; डोंगरातली गुळवेलही त्यासाठी उपटायचं कारण नाही.

भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत, आणि पिकांना छळणाऱ्या त्यांतल्या थोड्याच. पपईच्या नर झाडाचे परागकण मादी झाडावर नेण्यात हॉक मॉथ कुळातल्या पतंगांचा मोठा वाटा असतो. त्यांतल्याच एकाची हिरवीगार अळी अंगणातल्या तगरीवर दिसली, की चपलेखाली जाते! सह्याद्रीच्या जंगलांतला अ‍ॅटलस पतंग तर वीतभर पंखांचा, पण प्रौढपणी काहीच खात नाही. त्याला तोंडच नसल्यासारखं. अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याला काजवे पाहायला गर्दी लोटते; पतंगांच्या नशिबी ते कौतुक नाही.

प्रकाश सापळ्याला चोर-सावांतला हा भेद कळत नाही. दिव्यावर जो येईल, तो खालच्या पाण्यात पडतो. रात्रभर दिवा जळत ठेवणं म्हणजे चोराबरोबर सारा गाव पकडणं. कामगंध सापळा नेमका असतो: मादीच्या गंधाची गोळी लावली, की मुख्यतः त्याच जातीचे नर फसतात.

ऊसवाल्यांच्या ओळखीचं ट्रायकोकार्ड त्याहून मजेशीर. धान्यात होणाऱ्या एका पतंगाची अंडी कार्डावर चिकटवतात आणि त्यांत ट्रायकोग्रामा नावाचा इवलासा मित्रकीटक वाढवतात. कार्ड उसात टांगलं, की बाहेर पडलेले हे कीटक खोडकिड्याच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालतात. खोडकिड्याचा पतंग रोखायचा, तर आधी प्रयोगशाळेत दुसरा पतंग पाळावा लागतो.