मीटर थांबतो, गंज थांबत नाही

जुनी गाडी घेताना आपल्यापैकी बहुतेकजण पहिला प्रश्न एकच विचारतात, "किती पळाली आहे?" मीटरवरचा आकडा लहान दिसला की माणूस खूश होतो. आम्हीही खूश होणाऱ्यांपैकीच. पण बी. कॉम.ला शिकलेला एक धडा आम्ही विसरलो होतो. हिशेबाच्या वहीत यंत्रावर दरवर्षी घसारा लावतात. यंत्र वर्षभर चालले काय किंवा कोपऱ्यात पडून राहिले काय, घसारा लागतोच. वहीचे म्हणणे किती खरे आहे, हे अमेरिकेतल्या एका गाडीने दाखवून दिले.

ओक्लाहोमा राज्याला 1957 साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त टल्सा शहराने 15 जून 1957 रोजी कोर्टाच्या इमारतीसमोर जमिनीखाली काँक्रीटची खोली बांधून तिच्यात एक नवीकोरी प्लिमथ बेल्व्हेडिअर गाडी पुरली. ती उघडायची पन्नास वर्षांनी! 2007 साली शहराची लोकसंख्या किती असेल, याचा सर्वात जवळचा अंदाज करणाऱ्याला गाडी बक्षीस मिळणार होती. पुढच्या काळात पेट्रोल मिळेल न मिळेल, म्हणून दहा गॅलन पेट्रोलही सोबत ठेवले होते.

जून 2007 मध्ये झाकण उघडले आणि लोक स्तब्ध झाले. आत पाणी शिरले होते. गाडी जवळजवळ चाललेलीच नव्हती, पण पत्रा गंजून गेला होता. बक्षीस जिंकणारे गृहस्थ 1979 सालीच वारले होते. गाडी त्यांच्या नातेवाइकांकडे गेली. न्यू जर्सीतील एका जाणकाराने मोठ्या चिकाटीने तिच्यावरचा गंज उतरवला. सोनेरी-पांढरा रंग थोडाफार दिसू लागला, परंतु सांगाड्यातच दम उरला नव्हता. ती रस्त्यावर आली नाही. 2017 साली इलिनॉय राज्यातील रॉस्को येथील संग्रहालयात तिची रवानगी झाली.

दुसरे उदाहरण नेब्रास्का राज्यातील पिअर्स या लहान गावचे. तेथील एका शेवरोले विक्रेत्याने न खपलेल्या गाड्या वर्षानुवर्षे ठेवून दिल्या होत्या. सप्टेंबर 2013 मध्ये सुमारे पाचशे गाड्यांचा लिलाव झाला. त्यांतल्या सुमारे पन्नास गाड्या दहा मैलांपेक्षाही कमी चालल्या होत्या. 1958 सालचा एक पिकअप तर अवघा 1.3 मैल चाललेला. त्याला 1,40,000 डॉलर मिळाले. मात्र एवढे पैसे मोजणाऱ्यालाही चावी फिरवून घरी जाता येत नाही. झोपलेली गाडी उठवण्याची एक रीत असते.

आधी थांबवा, मग चालवा

आपल्याकडील जुन्या मिस्त्र्यांना या गाड्या परक्या नाहीत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1947 पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्या तयार होत. त्यामुळे ही रीत त्यांना ओळखीची वाटेल.

बॅटरी जोडण्याआधी उंदरांचा शोध घ्यावा. एअर फिल्टरमध्ये त्यांची घरटी असतात आणि वायरिंग कुरतडलेले असते. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. तो कार्बोरेटरची बारीक भोके बुजवतो. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑईल सोडावे, एकदोन दिवस थांबावे आणि इंजिन पान्याने हातानेच हळूहळू फिरवावे. जाम इंजिनावर जबरदस्ती केली तर रिंग तुटतात. ऑईल, पाणी आणि रबराचे पाईप नवे घ्यावेत. बॅटरी किती व्होल्टची हेही पाहावे. शेवरोलेने 1955 साली 12 व्होल्ट आणले. त्याआधीच्या गाड्या 6 व्होल्टच्या.

सर्वात महत्त्वाचे ब्रेक. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. त्याने आतली नळी गंजते आणि सिलिंडरचे रबर खराब होते. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला ऑईलचा एकच मार्ग असे. एक जागा फुटली की पायाखालचा ब्रेक संपूर्ण जातो. 1968 पासून अमेरिकेने दोन वेगळे मार्ग सक्तीचे केले. टायरचेही तसेच. नक्षी कोरी दिसते, पण रबर म्हातारे झालेले असते आणि वेगात फुटते. म्हणून गाडीचा मूळ रंग, मूळ गाद्या हौसेने जपाव्यात, रबर मात्र जपू नये.

जिन्याखालची स्कूटर

हे सारे आम्ही लिहीत आहोत त्याला घरचे कारण आहे. आमच्या चाळीतले एक शेजारी पाच वर्षांपूर्वी वारले. त्यांची स्कूटर तेव्हापासून जिन्याखाली ताडपत्रीत होती. वहिनींनी ती विकली नाही. गेल्या दिवाळीत मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, फक्त नऊ हजार किलोमीटर चाललीय. पेट्रोल टाकतो, किक मारतो आणि आईला मागे बसवून मामाकडे नेतो."

त्याचा आनंद मोडायला जीभ रेटेना. तरी आम्ही म्हटले, "बाळा, आधी मिस्त्रीला दाखवू." दोघांनी स्कूटर ढकलत नेली. मिस्त्रीने मागचे चाक उघडले, तर ब्रेकचा लायनर सुटून त्याच्या हातात आला. मुलगा कितीतरी वेळ त्या तुकड्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "काका, आई मागे बसणार होती."

खर्च तीन हप्त्यांत फिटला. वहिनी आता त्याच स्कूटरवर मागे बसून जातात. वडिलांनी लावलेला रंग तसाच आहे. ब्रेक, टायर आणि केबल नव्या आहेत. मुलगा दर रविवारी तिला एक फेरी मारून आणतो. मीटर आता नऊ हजारांच्या बराच पुढे गेला आहे, आणि त्याचे कोणालाच वाईट वाटत नाही.