वहिनींचे कांडप यंत्र आणि सरकारी अनुदान

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

अर्थशास्त्राच्या तासाला 'अनुदान' हा शब्द मी कितीदा तरी ऐकला आहे. परीक्षेत त्यावर टीपही लिहिली आणि गुणही मिळवले. पण त्याचा खरा अर्थ मला कळला तो आमच्या वहिनींमुळे.

आमचे गाव बेळगावपासून बसने तासाभराच्या अंतरावर. वहिनी दर उन्हाळ्यात आळीतल्या घरांची मिरची कांडून द्यायच्या. एक यंत्र घ्यावे, असे त्यांच्या मनात होते. एके दिवशी एक गृहस्थ घरी आले आणि म्हणाले, "सरकार पस्तीस टक्के फुकट देते. चार हजार द्या, बाकी माझ्यावर सोडा." दादाने पाकिटाला हात घातलाच होता. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही कॉलेजात शिकता ना? आधी तुम्ही विचारून या."

मी जिल्हा उद्योग केंद्रात गेलो. योजनेचे नाव प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. दोन जुन्या योजना एकत्र करून २००८ साली ती सुरू झाली आणि ती खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत चालते. अर्जाला शुल्क नाही, आणि सरकारने कोणताही दलाल नेमलेला नाही, हे तिथे पहिल्या पाच मिनिटांतच कळले. चार हजार वाचले!

आता हिशेब. वहिनींचा प्रकल्प चार लाखांचा : यंत्र, मोटार, वीजजोडणी आणि थोडे खेळते भांडवल. जागेची किंमत यात धरत नाहीत. खेड्यातील सर्वसाधारण गटाच्या अर्जदाराला अनुदान २५ टक्के व स्वतःचा वाटा १० टक्के. स्त्रिया विशेष गटात येतात, म्हणून वहिनींना अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. म्हणजे घरचे वीस हजार, बँकेचे कर्ज तीन लाख ऐंशी हजार, आणि अनुदान एक लाख चाळीस हजार.

दादा खूश झाला. इथेच बहुतेकांची फसगत होते. ते एक लाख चाळीस हजार हातात मिळत नाहीत. आधी बँकेने कर्ज मंजूर करायचे. मग अनुदान बँकेकडे येते आणि कर्जदाराच्या नावे तीन वर्षे ठेव म्हणून पडून राहते. त्या ठेवीवर व्याज नाही, आणि कर्जाच्या तेवढ्या भागावरही बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी धंदा चालू आहे की नाही याची प्रत्यक्ष पाहणी होते, आणि मग ती रक्कम कर्जात वळती होते. थोडक्यात, ज्याला कर्ज मिळण्यासारखे नाही त्याला हे अनुदानही नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात हे वाक्य कुठेच नाही.

दुसरी अट त्याहून कडक. योजना फक्त नव्या उद्योगासाठी आहे. आमच्याच गावातील एकाने घाईने सावकाराकडून पैसे काढून गिरणी बसवली आणि मग अर्ज केला. चालू धंदा म्हणून अर्ज परत आला; सावकाराचे व्याज मात्र चालूच राहिले. उत्साही माणसाला उत्साहाचीच शिक्षा व्हावी, हे मला आजही पटत नाही. पण नियम नियम आहे : आधी मंजुरी, मग यंत्र.

ग्रामीण भागाच्या दाखल्याचा अर्ज कन्नडमध्ये होता. याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मित्राने तो बसून भरून दिला. प्रकल्प अहवाल मी केला, आणि खरे सांगायचे तर एका छापील नमुन्यावरून उतरवला. बँकेतल्या साहेबांनी तो चाळला आणि वहिनींनाच विचारले, "मिरची फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात हप्ता कशातून भरणार?" माझ्या अहवालात बारा महिने सारखीच मिळकत होती! मी गप्प. वहिनी म्हणाल्या, "पावसाळ्यात तांदळाचं पीठ, भाजणी, मेतकूट. श्रावणात उपासाचं पीठ." कोणत्या घरचे किती किलो येईल, हेही त्यांनी तोंडी सांगितले. साहेबांनी ते आकडे पेन्सिलीने समासात लिहून घेतले आणि अहवाल पुन्हा करून आणायला सांगितला. तारण मागितले नाही; दहा लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला ते मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१० पासूनचा नियम आहे.

इतर योजनांचीही चौकशी केली होती. मुद्रा योजनेत (२०१५) कर्ज आहे, पण अनुदान नाही. विश्वकर्मा योजनेत (२०२३) अवजारांसाठी पंधरा हजारांची मदत आहे. पण ती सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा अठरा व्यवसायांपुरती, आणि कांडप त्यात बसत नाही. रोजगार निर्मिती कार्यक्रमाला केंद्राने २०२२ साली २०२५-२६ अखेरपर्यंत मुदत दिली होती. त्यामुळे कोणी नव्याने अर्ज करणार असेल तर मुदत आणि टक्केवारी उद्योग केंद्रात आधी विचारून घ्यावी.

यंत्र बसून आता दुसरे वर्ष आहे. मध्यंतरी मोटार जळली, तेव्हा दादाने विचारले, "त्या ठेवीतले थोडे काढता येतील का?" येत नाहीत. दुरुस्तीचे पैसे वहिनींनी भाजणीच्या मिळकतीतून दिले. योजनेच्या नावाची पाटी दारावर लावावी लागते. ती लावली आहे. पुढच्या वर्षी पाहणीला माणसे येतील, म्हणून वहिनी दर शनिवारी तिच्यावरचे तिखट पुसून काढतात.