घरातील पत कोणाच्या नावावर?



भुसावळच्या रेल्वेत किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीत पती नोकरीस आणि घरचा सारा हिशेब पत्नीच्या हाती, हे चित्र जळगाव-धुळे परिसरातील आपल्या अनेक कुटुंबांत दिसते. कर्जाचा हप्ता ती वेळेवर भरते, कार्डाचे बिलही तीच लक्षात ठेवते. पण पुढे पतीचे निधन झाले किंवा तिला शिलाईच्या दुकानासाठी स्वतःच्या नावे कर्ज हवे असले, तर बँकेला तिची एकही नोंद सापडत नाही. असे का होते, हे थोडक्यात सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

किराणा दुकानातील उधारीची वही आठवावी. माल पत्नी आणते, पैसेही तीच नेऊन देते. पण वहीतील पान पतीच्या नावाचे असते. बँकांचीही अशीच वही आहे. २००० साली सिबिल ही पतमाहिती संस्था स्थापन झाली आणि २००५ साली अशा संस्थांसाठी कायदा झाला. आज देशात अशा चार संस्था आहेत. कर्ज किती, हप्ता वेळेवर आला की नाही, याची नोंद त्या ठेवतात. सिबिल त्यावरून ३०० ते ९०० पर्यंत गुण देते.

हे पान घराचे नसून एकेका व्यक्तीचे असते. विवाहाने दोन पाने एक होत नाहीत. पतीची चांगली पत पत्नीला आपोआप मिळत नाही, तशी त्याची थकबाकीही तिच्या पानावर चढत नाही. मात्र संयुक्त कर्जावर सही केली किंवा जामीन राहिल्या, तर ती नोंद त्यांच्याही नावे होते. म्हणून न वाचता सही करू नये.

पतीच्या क्रेडिट कार्डावर पत्नीला पुरवणी कार्ड मिळते. त्यावर तिचे नाव छापलेले असते. परंतु बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच असते. मूळ कार्ड बंद झाले की पुरवणी कार्डही बंद पडते. त्याला स्वतःची पत समजणे ही चूक होय. अमेरिकेतही विवाहित स्त्रीला कर्ज देताना अनेकदा पतीची सही मागत. १९७४ च्या कायद्याने तेथे कर्जव्यवहारात स्त्री म्हणून वा विवाहित म्हणून भेदभाव करण्यास मनाई झाली.

आता ‘कॅश बॅक’विषयी. खर्चाचा थोडा भाग परत मिळतो, म्हणून अनेकजण कार्ड घेतात. समजा, १०,००० रुपयांच्या खरेदीवर एक टक्का, म्हणजे १०० रुपये परत मिळाले. पण बिल थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असले, तर महिन्याचे व्याज ३५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३ रुपये, शिवाय विलंब शुल्क वेगळे. शंभर मिळवून चारशे तेरा घालविले! बिलावरील ‘किमान रक्कम’ भरल्याने उरलेल्या रकमेवरील व्याज थांबत नाही. कार्डाने रोख रक्कम काढल्यास व्याज पहिल्या दिवसापासून लागते.

मग भगिनींनी काय करावे? स्वतःचे पॅन कार्ड आणि स्वतःचे बँक खाते असावे. उत्पन्नाचा पुरावा नसला, तरी काही बँका स्वतःच्या मुदत ठेवीवर कार्ड देतात. त्यावर महिन्याचा ठराविक किराणा घ्यावा आणि मुदतीपूर्वी पूर्ण बिल भरावे. भिशी वर्षानुवर्षे नियमित भरली, तरी बँकेच्या वहीत तिची नोंद नसते. चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पतअहवाल मोफत मिळतो. तो मागवावा, चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी.

पत ही संकटाच्या दिवशी उभी करता येत नाही, ती आधीच जोडावी लागते. आज घरी गेल्यावर पती-पत्नींनी एकत्र बसून एवढेच पाहावे, की आपल्या घरातील किती व्यवहार तिच्या नावावर आहेत. उत्तर ‘एकही नाही’ असे आले, तर सुरुवात याच महिन्यात करावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.