सिग्नलला बंद पडणारी गाडी

जुन्या पद्मिनीची एक खोड ठरलेली. रस्त्यावर छान पळते, पण सिग्नलला थांबली की दोन आचके देते आणि बंद! मागून हॉर्न, शेजारच्या सीटवरून यजमानांचा सल्ला, ‘एक्सिलरेटर दाबून ठेव.’ गॅरेजमध्येही पुष्कळदा ‘स्लो’ तेवढा वाढवून देतात. मग गाडी बंद पडत नाही हे खरं, पण उभ्या उभ्या पेट्रोल पिते.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये गेल्या. घरची पद्मिनी मात्र काही जणींनी अजून जपली आहे, हे त्यांच्यासाठी.

कार्ब्युरेटरला दोन स्क्रू असतात. एक स्लोचा, दुसरा पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाचा. आपल्या शेगडीचंच पाहा ना. ज्योत बारीक-मोठी करणं वेगळं आणि हवा कमी पडून ती पिवळी होणं वेगळं. पिवळ्या ज्योतीला नुसती कळ फिरवून काय उपयोग?

आधी प्लग साफ आहेत ना, पाहा. मग गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा. थंड इंजिनावर केलेलं काम फुकट जातं. गाडी उघड्यावरच उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन मुळीच चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं जड झालंय म्हणेपर्यंत शुद्ध हरपते. पदर खोचा, वेणी वर बांधा, पंखा जवळच फिरत असतो. न्यूट्रल, हँडब्रेक, चोक पूर्ण आत.

आता स्लो किंचित वाढवा. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या. इंजिन अडखळू लागलं की थांबा, आणि तसाच बाहेर आणत जा. मधे एका जागी आवाज सर्वांत एकसारखा नि जोमदार लागतो. तीच जागा. शेवटी स्लो कमी करा. मिनिटाला साधारण आठशे फेरे पुरतात, पण मीटर नसला तरी कान सांगतो. आणि हो, हा स्क्रू आवळून बसवायचा नाही, त्याचं नाजूक टोक खराब होतं.

स्क्रू फिरवूनही आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर बहुधा स्लोचा जेट तुंबलाय किंवा कुठून तरी हवा शिरतेय. जेटमध्ये स्टोव्हची पिन घालू देऊ नका. पितळेचं भोक मोठं झालं की पेट्रोल जास्तच जाणार. पंपाच्या हवेनं फुंकून घ्यायला सांगा, आणि ते काम समोर उभं राहून करून घ्या.