सँडर उलटा करून पाहावा

बेल्ट सँडर घ्यायला गेलेल्या माणसाच्या कानावर दुकानात सगळ्यात आधी वॉटचा आकडा पडतो. हा ७५० वॉटचा, तो १००० चा, पलीकडचा १२०० चा. आकडा मोठा म्हणजे यंत्र दणकट, असा हिशेब दुकानदारही मांडतो आणि गिऱ्हाईकही मान्य करते. माझ्या मते हा हिशेब चुकीच्या टोकापासून सुरू होतो. हातात धरून चालवायच्या बेल्ट सँडरचा भरवसा त्याच्या पोटाखालच्या भागांवर ठरतो: बेल्ट फिरवणारे दोन रोलर, त्यांच्यामधली सपाट तळपट्टी आणि मोटरीची शक्ती मागच्या रोलरपर्यंत नेणारी जोडणी. हे भाग सरळ, सपाट आणि बदलता येण्यासारखे असतील तर मध्यम मोटरीचा सँडरही वर्षानुवर्षे चालतो. ते तसे नसतील तर जास्तीचे वॉट लाकूड जास्त वेगाने बिघडवतात, एवढेच.

आधी हे यंत्र कशासाठी आहे ते पक्के करायला हवे, कारण बरीच निराशा चुकीच्या अपेक्षेतून येते. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरातल्या पोर्टर-केबल कंपनीने १९२६ मध्ये हातात धरायचा विजेवरचा बेल्ट सँडर बाजारात आणला. मागचा रोलर बेल्ट ओढतो, पुढचा स्प्रिंगच्या ताणावर तो ताठ ठेवतो, ही मांडणी आजही तीच आहे. सागवानाच्या चार फळ्या जोडून टेबलाचा माथा केला की सांध्यांवर फळ्या एकमेकींपेक्षा वर-खाली राहतात. ती पायरी उतरवून सगळा माथा एका पातळीत आणणे हे या यंत्राचे खरे काम. शेवटचा गुळगुळीतपणा हे ऑर्बिटल सँडरचे काम आहे. त्याची चकती काही मिलिमीटरच्या छोट्या फेऱ्यांत फिरते, म्हणून ती ओरखडे पुसते. पण मिलिमीटरभर उंचवटा उतरवायला बसलो तर तासन् तास जातात. प्लायवरच्या शोभेच्या व्हिनिअरवर मात्र बेल्ट सँडर टेकवूच नये. तो थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि क्षणात आरपार जातो.

रंधा असताना यंत्र कशाला, असे अनुभवी सुतार विचारतील. प्रश्न रास्त आहे. सरळ रेषांच्या लाकडावर, चांगले पाते लावलेला रंधा बेल्ट सँडरपेक्षा स्वच्छ काम करतो, धूळही उडवत नाही. पण शिसवीसारख्या उलटसुलट रेषांच्या लाकडात रंध्याचे पाते कपचे उपटते. जुन्या फळीत मोडलेला खिळा लपलेला असेल तर पात्याची धारच जाते. शिवाय रंधा हाताळण्याचे कौशल्य यायला वेळ लागतो, आणि घरी स्वतःचे फर्निचर करू पाहणाऱ्यांकडे तेवढा वेळ असतोच असे नाही. अशा कामांना बेल्ट सँडर हवा. फक्त तो लाकूड फार झपाट्याने खातो, म्हणून त्याच्यावर आपला ताबा राहिला पाहिजे, आणि ताबा वॉटमधून येत नाही.

वॉटचा आकडा म्हणजे मोटर भिंतीतून किती वीज ओढते याचे माप. त्यातली काही वीज उष्णतेत जाते, काही जोडणीत आणि घर्षणात. बेल्टपर्यंत नेमके किती पोचते ते खोक्यावर छापलेले नसते. तरी आकडा अगदीच निरर्थक नाही. ७५ मिलिमीटर रुंदीच्या बेल्टला साधारण ७५० ते १००० वॉट आणि १०० मिलिमीटर रुंदीच्या बेल्टला १००० ते १२०० वॉट पुरतात. त्याहून फार कमी वॉटची मोटर दमते, त्याहून फार जास्तीचा उपयोग दिसत नाही. कारण सँडरला लाकडावर लागणारा दाब मुख्यतः त्याच्या स्वतःच्या वजनातून मिळायला हवा. ७५ मिलिमीटरचे यंत्र बहुधा साडेतीन-चार किलोचे, १०० मिलिमीटरचे पाच ते सात किलोचे असते, आणि तेवढे वजन पुरते. हाताने आणखी दाबले की मोटरीचा वेग पडतो, ती जास्त प्रवाह ओढते आणि तिच्याच दांड्यावर बसवलेला पंखा मंदावल्यामुळे गार करणारी हवा नेमकी त्याच वेळी कमी होते. अनेक मोटरी अशाच जळतात. त्या लहान होत्या म्हणून नव्हे, दाबल्या गेल्या म्हणून.

आता बेल्टच्या सरळ धावण्याकडे येऊ. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो. सपाट पट्टा फिरताना जाड व्यासाच्या बाजूकडे चढत जातो. म्हणून निदान एक रोलर मध्यावर किंचित फुगीर घडवतात, म्हणजे बेल्ट आपोआप मध्याकडे ओढला जातो. पुढचा रोलर एका नॉबने थोडा तिरका करता येतो, त्यातून उरलेली दुरुस्ती होते. ७५ बाय ५३३ मिलिमीटरचा बेल्ट मिनिटाला ३०० मीटर वेगाने धावतो तेव्हा त्याच्या सेकंदाला नऊहून जास्त फेऱ्या होतात. फेरीमागे तो दशांश मिलिमीटर जरी सरकला तरी सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर बाजूला जातो. आत सरकला तर यंत्राचे ॲल्युमिनियमचे अंगच कापू लागतो, बाहेर सरकला तर त्याची कड फाटते किंवा तो निसटतो. म्हणून रोलरांचे दांडे एकमेकांना समांतर असणे, पुढच्या रोलरची चौकट न डुगडुगणे आणि नॉब फिरवल्यावर तो जिथे ठेवला तिथेच राहणे हा या यंत्राच्या भरवशाचा गाभा आहे. खोक्यावर यातले काहीच लिहिलेले नसते, पण दुकानात पाच मिनिटांत कळते. सँडर उलटा, रोलर वर करून घट्ट धरायला सांगावा, नवा बेल्ट चढवून चालू करावा, नॉबने बेल्ट मध्यावर आणावा. मग चार-पाच वेळा बंद-चालू करून बेल्ट तिथेच राहतो का ते पाहावे. दर वेळी नॉबला हात लावावा लागत असेल तर ते यंत्र परत ठेवावे.

तळपट्टीची परीक्षाही बेल्ट काढून तिथल्या तिथे होते. ही पातळ पोलादी पट्टी, तिच्या मागे बहुधा कॉर्कचा थर असतो. तिच्यावर स्टीलची फूटपट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिले की फट दिसते. फट असेल तर टेबलाच्या माथ्यावर तेच खाचखळगे उतरतील. तळपट्टी घर्षणाने आणि उष्णतेने झिजणारच, म्हणून ती स्क्रू काढून बदलता येते का हे विचारावे. मोटर आणि मागच्या रोलरमध्ये अनेक यंत्रांत दातेरी रबरी पट्टा असतो, काहींत गिअर. रबर कच्चे म्हणून गिअरच चांगला, असे काही जण म्हणतात. मला उलट वाटते. खिळ्यात किंवा गाठीत यंत्र अडकले की रबरी पट्टा आधी तुटतो आणि मोटर वाचते, आणि तो पट्टा हा त्या यंत्रातल्या स्वस्त भागांपैकी एक असतो. अर्थात तो बाजारात मिळत असेल तरच.

म्हणूनच किमतीची चौकशी करताना यंत्राबरोबर या पट्ट्याची, कार्बन ब्रशच्या जोडीची आणि तळपट्टीची किंमतही विचारावी. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळीसारख्या हत्यारांच्या बाजारात उत्तर लगेच मिळते. तालुक्याच्या गावात उत्तर मिळाले नाही, तर त्यातूनही बरेच कळते. बहुतेक हमीपत्रांत झिजणारे भाग वगळलेले असतात, तेव्हा हमीच्या कालावधीपेक्षा या तीन भागांची उपलब्धता जास्त मोलाची. बेल्टच्या मापालाही हाच नियम. ७५ बाय ५३३ आणि १०० बाय ६१० ही मापे सहज मिळतात. ७५ बाय ४५७ किंवा ६५ बाय ४१० ची यंत्रे हलकी आणि हाताळायला सोपी असतात, पण त्यांचे बेल्ट लहान गावात शोधावे लागतात. परदेशातल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी तर आधी व्होल्टेज पाहावे. अमेरिकेतले १२० व्होल्टचे सँडर आपल्या २३० व्होल्टवर लावले की मोटर जळते, आणि एवढा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो.

हौशी माणसाला एवढी चिकित्सा कशाला, वर्षातून दोनदा लागणारे यंत्र स्वस्तातलेच घ्यावे, हा आक्षेप सर्वांत जोरदार आहे आणि त्यात अर्धे तथ्यही आहे. क्वचित वापरात स्वस्त मोटरही बराच काळ टिकते. पण स्वस्त यंत्राची खोड आयुष्याच्या शेवटी कळत नाही, पहिल्याच टेबलावर कळते, कारण बेल्ट भरकटणे आणि तळपट्टी वाकडी असणे हे दोष पहिल्या दिवसापासून असतात. उलट सरावलेला सुतार असे यंत्रही सांभाळून घेतो, नवख्याला ते जमत नाही. म्हणजे चांगल्या यंत्राची जास्त गरज नवख्याला आहे. हाच विचार वेग कमी-जास्त करण्याच्या सोयीलाही लागू होतो. तिला कुणी दिखाऊ म्हणतील, पण सागवानाच्या तेलकटपणामुळे बेल्टचे दाणे भरतात आणि तापलेल्या भुशाचा थर त्यावर चिकटतो. वेग उतरवला की हे कमी होते, आणि शिकणाऱ्याच्या हातून खड्डा पडण्याआधी सावरायला वेळ मिळतो. खाली टेकवायची चौकट जोडता येत असेल तर आणखी उत्तम, कारण कडेशी आल्यावर यंत्र कलंडून कड गोल होण्याची भीती तिने बरीच टळते.

धुळीचा प्रश्न मात्र सोयीचा नाही, जिवाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. नाकाच्या पोकळीतल्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध आहे. यंत्राबरोबर येणारी कापडी पिशवी भुसा पकडते, बारीक धूळ तिच्यातून निसटते. म्हणून धुळीच्या तोंडाला व्हॅक्यूमचा पाइप लावता येतो का हे पाहणे निवडीचा भाग आहे, आणि एन-९५ मास्क खर्चात धरायलाच हवा. आपल्याकडे जुने वाडे पाडल्यावर निघालेले सागवान मोलाने विकत घेतले जाते. त्याच्या दारांवरचा तेलरंग अनेकदा शिशाचा असतो, कारण रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा घालणारा नियम २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. असा रंग बेल्ट सँडरने उडवला तर शिसे घरभर पसरते आणि त्याचा सर्वाधिक फटका लहान मुलांना बसतो. तो आधी रसायनाने मऊ करून ओलसर अवस्थेत खरवडून काढावा, खिळे उपटून घ्यावेत, मग उघड्या लाकडावर यंत्र लावावे. खिळ्याची एक ठिणगी पिशवीतल्या कोरड्या भुशात धुमसत राहते आणि तासाभराने पेट घेते, म्हणून काम संपताच पिशवी घराबाहेर रिकामी करावी.

बेल्ट निवडताना बहुतेक कामाला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, कापडी पाठीचा बेल्ट पुरतो. पायरी उतरवायला ६० किंवा ८० नंबर, त्यामागून १२० नंबर. ४० नंबरने सुरुवात करण्याचा मोह नवख्याने टाळावा. बेल्टचा सांधा चिकटवलेला असतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवेने तो सुटतो. तेव्हा बेल्ट दुमडून कोंबण्याऐवजी जाड पाइपवर टांगून कोरड्या खोलीत ठेवावेत, आणि काम झाले की यंत्रावरच्या बेल्टचा ताण खटका ओढून सैल करावा. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने वरच्या सगळ्या परीक्षा घ्याव्यातच, शिवाय मागच्या रोलरच्या रबराला तडे आहेत का ते नखाने दाबून पाहावे आणि मोटर चालू असताना हवेच्या फटींतून आत डोकावावे. ब्रशपाशी बारीक निळसर ठिणग्या चालतात. तांबड्या-पिवळ्या ठिणग्यांचे कडे गोल फिरताना दिसले तर आर्मेचरचे काम निघाले आहे, आणि तो खर्च यंत्राच्या किमतीतून वजा करूनच भाव ठरवावा.