कॅमेऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे

वर्तमानपत्रातले छायाचित्र आपण दोन क्षण पाहतो आणि पान उलटतो. ते कोणी काढले, त्यासाठी त्याला काय करावे लागले, आणि छायाचित्र निघाल्यावर त्यातल्या माणसाचे पुढे काय झाले, हे प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीत. वृत्तछायाचित्रकारांवर निघालेले चित्रपट आणि माहितीपट नेमके याच प्रश्नांना हात घालतात. म्हणून त्यांतल्या काहींची ओळख करून द्यावी असे वाटले.

आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला चित्रपट म्हणजे कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ (१९८३). मुंबईत स्टुडिओ थाटलेले दोन गरीब फोटोग्राफर बागेत काढलेले एक छायाचित्र मोठे करून पाहतात, तो त्यात खून दिसतो. पुरावा हाती असूनही अखेर तुरुंगात जातात ते दोघेच! हसता हसता हा चित्रपट एक कटू सत्य सांगून जातो. छायाचित्र खरे बोलते, पण ते ऐकून घेणारा कोणी असावा लागतो.

माहितीपटाची वाट निराळी. तो खऱ्या माणसाच्या मागे चालतो. स्विस दिग्दर्शक ख्रिश्चन फ्राय यांनी ‘वॉर फोटोग्राफर’ (२००१) या माहितीपटासाठी जेम्स नॅक्टवे या अमेरिकन छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावरच एक छोटा व्हिडिओ कॅमेरा बसवला. त्यामुळे बटणावरचे त्याचे बोट, प्रकाशाचा अंदाज घेणे, शोक करणाऱ्या माणसांजवळ आवाज न करता जाणे, हे सारे आपण जणू त्याच्या खांद्यावरून पाहतो. हे काम किती कष्टाचे आहे, ते तेव्हा कळते.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला या मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थिनी. सबिना गडिहोक यांच्या ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ (१९९८) या माहितीपटातील तिघींपैकी त्या एक. प्रारंभी त्यांची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. कॅमेऱ्यामागच्या बाईला स्वतःचे नाव मिळायलाही काळ जावा लागला!

मग कॅमेऱ्यासमोरच्या माणसाच्या नावाचे काय? ‘द बँग बँग क्लब’ (२०१०) हा चित्रपट दक्षिण आफ्रिकेतील चार छायाचित्रकारांवर आहे. त्यांपैकी केविन कार्टर याने मार्च १९९३ मध्ये सुदानच्या दुष्काळात एका कोसळलेल्या बालकाचे आणि त्याच्यामागे बसलेल्या गिधाडाचे छायाचित्र काढले. १९९४ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण त्या बालकाचे काय झाले, असे लोक विचारू लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, कार्टरने आपले जीवन संपवले. त्यामागे अनेक कारणे होती. केवळ त्या छायाचित्राला दोष देणे बरोबर नाही. मात्र त्या बालकाचे नाव जगाला कळले ते २०११ मध्ये, एका स्पॅनिश वृत्तपत्राने शोध घेतला तेव्हा. तो मुलगा होता, काँग न्योंग. त्या दुष्काळातून तो वाचला होता, आणि नंतर तापाने गेला. जगभर छापल्या गेलेल्या चेहऱ्याला नाव मिळायला अठरा वर्षे लागली!

सुदान फार दूर आहे. पण हाच प्रश्न आपल्या वऱ्हाडातही आहे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला वाशीम जिल्हा होता. माझा जन्म त्याच वर्षीचा. आमच्या गावातल्या एका घरी कॅमेरेवाले आले होते. त्यांनी काकूंना दारात बसवले, पदर सारखा करायला सांगितला, नवऱ्याची तसबीर हातात दिली. फोटो छापून आला. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पण तेव्हा शाळेत होते. काकूंनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारले, “काय लिवलं हाय वं पोरी? माह्यं नाव हाय काय त्यात?” खाली ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी’ एवढेच छापले होते. काय सांगावे, मला सुचेना.

म्हणूनच दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) हा माहितीपट मला सर्वांत जवळचा वाटतो. यात पी. साईनाथ विदर्भातल्या घराघरांत जाऊन बसतात. ते पत्रकार खरे, पण आपली छायाचित्रे स्वतःच काढतात. मुंबईतल्या एका फॅशन सप्ताहात सुती कपडे मिरवले जात होते आणि तिथे ५१२ पत्रकार होते; तो कापूस पिकवणारे जिथे मरत होते, तिथे मात्र मोजकेच, असे ते सांगतात. रोमचा सम्राट नीरो याने मेजवानीत उजेड हवा म्हणून माणसे जाळली, असे इतिहासकार लिहितो. साईनाथ विचारतात, त्या उजेडात जेवणारे पाहुणे कोण होते? इथे कॅमेरा छायाचित्रकाराकडून वळून थेट आपल्याकडे येतो. पाहणारे आपणच तर असतो.

साईनाथ यांनी २०१४ साली ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संग्रहालय इंटरनेटवर सुरू केले. त्याच्या एका उपक्रमात देशभरच्या जिल्ह्याजिल्ह्यांतले चेहरे आहेत, आणि प्रत्येक चेहऱ्याखाली त्या माणसाचे नाव, गाव आणि काम लिहिलेले असते. करायला हे अवघड नाही. पण त्यासाठी त्या माणसाजवळ थांबून विचारावे लागते.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. महापूर, अपघात, मोर्चा, काहीही असो, आपला हात आधी मोबाईलकडे जातो. मित्रमैत्रिणींनो, फोटो जरूर काढा. पण त्याआधी समोरच्या माणसाला त्याचे नाव विचारा, आणि फोटो छापून आला तर तो त्याच्या हाती नेऊन द्या.

— बी. ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी