ब्लॉकेज : रोग धमनीच्या भिंतीत

अँजिओग्राफी झाली की घरात टक्क्यांची चर्चा सुरू होते. कुणाचं सत्तर, कुणाचं नव्वद. आणि भेटायला आलेल्यांपैकी एखादा ‘नळ्या साफ करणारा’ काढा सुचवतोच. धमनी म्हणजे पाण्याचा पाइप आणि आजार म्हणजे त्यात साचलेला गाळ, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. अ‍ॅथेरोस्क्लेरोसिसबद्दलचे, म्हणजे धमन्यांच्या या आजाराबद्दलचे, बहुतेक गैरसमज याच चित्रातून येतात.

गैरसमज : चरबी रक्तवाहिनीला आतून चिकटत जाते.

वस्तुस्थिती : चरबी साचते ती अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत. धमनीला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण त्यातून पलीकडे जातात आणि तिथल्या तंतुमय जाळ्यात अडकतात. जिथे धमनीला फाटे फुटतात तिथे प्रवाह विस्कळीत असतो, म्हणून सुरुवात बहुधा तिथेच होते. तंबाखू, उच्च रक्तदाब आणि मधुमेह अस्तराला इजा करून हे काम सोपं करतात. अडकलेल्या कणांत रासायनिक बदल झाले की ते निस्तरायला पांढऱ्या पेशी येतात, चरबी गिळून फुगतात आणि अखेर तिथेच मरतात. त्यांच्या अवशेषांचा मऊ गाभा बनतो. भिंतीतल्या स्नायुपेशी त्याच्यावर तंतूंचं झाकण तयार करतात. गाभा आणि झाकण मिळून होतो तो ‘प्लाक’.

म्हणजे कोलेस्टेरॉलबरोबरच यात दाहाचाही, पांढऱ्या पेशींच्या या प्रतिक्रियेचाही, हात आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅन्टोस’ चाचणीत कॅनाकिनुमॅब हे दाह कमी करणारं औषध दिल्यावर एलडीएल न घटताही हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण कमी झालं.

गैरसमज : हा साठीनंतरचा आजार आहे.

वस्तुस्थिती : साठीत दिसतो तो परिणाम, सुरुवात कितीतरी आधीची असते. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली. सरासरी वय होतं २२ वर्षं, आणि सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. हा अहवाल १९५३ चा आहे. आपल्याकडे तर घाई आणखी जास्त. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता. इतरत्र हे वय ५९ च्या आसपास होतं.

गैरसमज : ब्लॉकेज कमी टक्क्यांचं, म्हणजे धोका नाही.

वस्तुस्थिती : प्लाक वाढू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली पोकळी राखते. शिकागोचे डॉ. सीमूर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की प्लाकने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत पोकळी फारशी अरुंद होत नाही. अँजिओग्राफीत पोकळीच दिसते, भिंत दिसत नाही. स्ट्रेस टेस्टही प्रवाह बराच अडल्यावरच बोलू लागते. पण झटका नुसत्या अरुंदपणामुळे येत नाही. पातळ झाकण फाटलं, की आतला गाभा रक्ताच्या संपर्कात येतो, गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद होऊ शकते. अनेकदा असा फुटणारा प्लाक आदल्या दिवशीपर्यंत ‘किरकोळ’च असतो. म्हणून कालचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी आज छातीत दाब, घाम, धाप जाणवली तर अ‍ॅसिडिटी समजून घरी बसू नये.

गैरसमज : आम्ही शाकाहारी, शिवाय अंगाने सडपातळ, आम्हाला काय होणार?

वस्तुस्थिती : शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं, आणि रक्तातलं एलडीएल उचलून नेण्याचं कामही मुख्यतः त्याचंच. ही उचल कशी होते हे शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. काहींमध्ये ही यंत्रणा जन्मतःच अपुरी असते. साय, लोणी, तूप, वनस्पती तूप, पाम तेल यांचा अतिरेक तिला मंद करतो. हे सगळं शाकाहारीच आहे, आणि यातलं काहीच कमरेच्या मापावरून कळत नाही.

गैरसमज : स्टेंट बसला की आजार गेला, नाहीतर लिंबू, आलं, लसूण आणि व्हिनेगरचा रस ब्लॉकेज विरघळवतो.

वस्तुस्थिती : झटक्याच्या वेळी स्टेंट जीव वाचवतो, पण तो एकाच जागेची वाट मोकळी करतो. बाकीच्या भिंतीतला आजार तसाच राहतो, म्हणून गोळ्या चालू ठेवायच्या असतात. रसाचं म्हणाल, तर तो पोटात पचतो. तो भिंतीतला प्लाक धुऊन काढतो याला पुरावा नाही. स्टॅटिन्स आणि त्यांच्या जोडीची औषधं एलडीएल उतरवतात. त्याने प्लाक थोडा आक्रसतो आणि, त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्याचं झाकण मजबूत होतं.

तेव्हा टक्के निघायची वाट पाहू नका. विशी-तिशीतच लिपिड प्रोफाइल, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, घरात कुणाला लवकर झटका आला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तंबाखू सोडा, आणि चालू असलेली गोळी कुणाच्या काढ्यासाठी बंद करू नका.